चावी फाइलीत नाय ठेवायची

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

भाविक सरांना आज तोंडावर नाही म्हणाले. घरी सांगायची सोय नाही. आई लगेच म्हणेल, "तुझी जीभ एक दिवस तुला घरी बसवील." म्हणून इथं लिहितेय. ही डायरी ऐरोलीच्या जुन्या ऑफिसात मिळालेली, कोरीच पडून होती.

झालं असं. आमच्या संस्थेनं शहापूरच्या कॉलेजला आणि मुरबाडच्या शाळेला नवी कॉम्प्युटर लॅब घेतली. दोन्हीकडच्या मशीनवर विंडोज बसवायचं काम माझं. एकेका मशीनपुढं बसून "नेक्स्ट, नेक्स्ट" करत राहिले तर शिमगा उजाडेल. म्हणून एक सर्व्हर लावायचा, सगळी मशीन वायरनं त्याला जोडायची आणि बटण दाबायचं. मशीन आपलं आपण सगळं ओढून घेतात. मध्ये जे प्रश्न येतात, भाषा कुठली, नाव काय, त्यांची उत्तरं एका फाइलीत आधीच लिहून ठेवायची. ऐरोलीला मी दोन वर्षं हेच केलं.

सरांनी ती फाइल स्वतः बनवून आणली होती. उघडून बघते तर लायसन्स की सरळ आत लिहिलेली! (इथून पुढं मी चावीच लिहीन. "की, की" करून माझंच डोकं फिरतं.) ही फाइल काम झाल्यावरही प्रत्येक मशीनच्या पोटात मागं राहते. कुणी खोलात शिरून उघडली की वाचली चावी. आणि आमची चावी ठरावीक मशीनपुरती आहे. तितक्या मशीनवर चालली की संपली. बाहेरचा कुणी वापरायला लागला तर आमच्याच वाट्यातलं जाणार.

मी म्हटलं, "सर, चावी फाइलीत नाय ठेवायची."

ते हसले. भाविक सर म्हणजे अध्यक्ष सुनिलशेठांचे पुतणे. पुण्याला शिकून आले आणि टेबलावर "आयटी प्रमुख" अशी पाटी लावून बसले. म्हणाले, "दामिनी, हे शहापूर आहे. इथं कोण हॅकर बसलाय?"

"हॅकर कशाला लागतो सर? दहावीतलं पोर पुरे."

"तू फार शहाणी आहेस."

"त्याचाच पगार देता ना?"

हे तोंडातून निघून गेलं. निघालं ते निघालं. शेवटी म्हणाले, "कर तुझ्या पद्धतीनं. पण काही झालं तर मी नाही, तू." बरं! घाबरते का काय मी कुणाला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शहापूरची लॅब झाली! सगळी मशीन एकदम जागी झाली तेव्हा मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

पद्धत साधी आहे. आधी चावीशिवाय विंडोज बसवायचं. सगळं झालं की शेवटी माझ्या लॅपटॉपवरून एकेका मशीनला चावी लावायची, मागं काही ठेवायचं नाही. चावी लॅपटॉपमध्येही कुलपात, पासवर्ड माझ्या डोक्यात. थोडा जास्त वेळ गेला, म्हणून सर घड्याळाकडं बघत फेऱ्या मारत होते. मारा म्हटलं.

सकुमावशी दारात उभी राहून बघत होती. सकुबाई आमची शिपाई, लॅबच्या दाराची किल्ली तिच्याकडं असते. डोंगराच्या पाड्यावरनं येते, चालत फाट्यापर्यंत आणि मग टमटम. म्हणाली, "ही सगली आपली आपनच शिकली? कुनी शिकवायला नको?"

"मी शिकवलं मावशी. एकीला शिकवलं, बाकीच्यांनी तिचं बघून केलं."

"आमच्या पाड्यातल्या पोरांना अशी शिकव गो," म्हणाली आणि केर काढायला लागली.

जाताना सरांनी एका कागदावर सही घेतली. "लायसन्सच्या चावीची संपूर्ण जबाबदारी दामिनी यांची राहील." मी झोकात सही केली. कुणीतरी माझं काम मानलं तर!

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरी विळे, कोयते, बाबांचं भातसा धरणावरच्या ड्युटीचं पान्यांचं खोकं, माझी स्कूटी, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मग धावत शहापूर, कारण शेठनी लॅबमध्ये पूजा ठेवलेली.

देवा! दोन तास माझा जीव टांगणीला. नव्याकोऱ्या मशीनला झेंडूचे हार, कीबोर्डमध्ये कुंकू, यूपीएसच्या शेजारी निरांजन. नारळ फोडला तर पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डाच्या दिशेनं! मी ओढणीनं बोर्ड झाकून उभी. भटजी माझ्याकडं रागानं बघत होते, मी त्यांच्याकडं.

शेठ मात्र हरखले होते. हौशी माणूस. लायसनचा कागद त्यांनी लॅमिनेट करून आणला होता, तो मधोमध पाटावर मांडला, त्याच्यावर अक्षता, फूल. फोटो काढताना हार आडवा येत होता तो स्वतःच्या हातानं बाजूला केला. "पोरी, ताट घे आनि इथं माझ्या शेजारी उभी रहा. तूच बसवलंस हे सगलं." मी आरतीचं ताट धरून उभी राहिले, पण अर्धं लक्ष बोर्डाकडं. भाविक सरांनी नव्या फोननं फोटो काढले आणि तिथंच संस्थेच्या पेजवर टाकले. आईला दाखवला. ती म्हणे, "हसताना दात दाखवायचे तर चांगले तरी दाखव."

एक मात्र खरं. एवढ्या गर्दीत एकही वायर मी ओली होऊ दिली नाही. माझ्यासारखी राखणदार या लोकांना शोधून सापडायची नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मुरबाड.

सकाळी स्कूटीवरून किन्हवली, सरळगाव करत पोचले. रस्त्याकडेला भात पिवळं झालेलं, लोक कापणीला लागलेले. माझं मन एकदम मस्त होतं. मुरबाडची मशीन शहापूरसारखीच धडाधड उठली. मग चावी लावायला घेतली. पहिलं मशीन, लागली. दुसरं, लागली. पुढं आणखी काही. आणि मग लाल अक्षरांत आलं: या चावीचा कोटा संपला आहे.

परत लावली. तेच. दुसऱ्या मशीनवर लावली. तेच.

संपला कसा? अजून अर्ध्याच्या वर मशीन बाकी आहेत! आमच्या वाट्याचं कुणी खाल्लं?

इथल्या शाळेला टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं केंद्र मिळायचं आहे. दिवाळीनंतर तपासणीला माणसं येणार. मशीनवर "लायसन नाही" असं लिहिलेलं दिसलं की केंद्र गेलं. मग इथल्या पोरींनी परीक्षेसाठी कल्याण गाठायचं, आणि निम्म्यांना घरचे पाठवणारच नाहीत.

आणि जबाबदारीच्या कागदावर सही माझी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज ऑफिसात बोलावलं. भाविक सरांनी दार लावून घेतलं.

"चावी फुटली, दामिनी. तुझ्याशिवाय कुणाकडं नव्हती."

मी म्हटलं, "माझ्याकडनं फुटलेली नाय. मी शोधते."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. मऊ आवाज मला कधीच आवडत नाही. म्हणाले, "हे बघ, तुझं करिअर आहे. लॅबची किल्ली सकुबाईकडं असते. तिनं कुणाला तरी आत घेतलं असणार, तुझा लॅपटॉप उघडा असेल, काहीतरी. तू एवढं लिहून दे की तुझा संशय तिच्यावर आहे. तिला काय, कुठंही केर काढील. तू वाचशील, विषय संपेल."

डोक्यात तिडीक गेली. "सर, माझा संशय तिच्यावर नाय."

"मग कुणावर आहे?"

"अजून कुणावर नाय."

"मग तुझ्यावरच राहील. दिवाळीनंतर ये, लिहून आण, नाहीतर राजीनामा आण."

मी उठले. दारात थांबून म्हणाले, "राजीनामा नाय आणनार. काढायचं तर तुमी काढा, आणि का काढलं ते लिहा." दार आपटलं का? हो, आपटलं.

सकुमावशीला यातलं काही कळता कामा नये. बिचारीला उगाच घोर. पण आज ती जरा विचित्रच वागत होती. लॅब झाडायला आत येईना. "तू थांब मॅडम, तू असलीस की झाडते." मी म्हटलं, "मी कशाला? रोज झाडतेस की." तर म्हणे कंबर दुखते. कंबर दुखण्याचा आणि माझ्या थांबण्याचा काय संबंध, देव जाणे. आणि "दामिनी"वरून "मॅडम" कधीपासून झाले मी?

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळं तपासलं. सर्व्हर, एकेक मशीन, माझा लॅपटॉप, मेल, कचऱ्याची पेटीसुद्धा. चावीचा मागमूस नाही. आपणच कुठंतरी चुकलो असू का? ऐरोलीच्या जुन्या पेन ड्राइव्हवर तर नाही ना राहिली? तोही शोधून बघितला. नाही. माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चाललाय, आणि याचा राग जास्त येतोय.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्या मुलीनं एवढंच सांगितलं की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वापर एकदम वाढला, आणि आमच्या ठिकाणाहून नाही. म्हणजे तोवर मुरबाडला मी गेलेही नव्हते! बाहेरचे लोकच आहेत. मी वेडी नाही झाले. नवी चावी मिळते, म्हणाली, पण लायसन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सहीनिशी लिहून द्यायचं, चावी कशी बाहेर गेली ते. तेही खरं खरं. मग जुनी बंद करतात. लायसन सुनिलशेठांच्या नावावर.

आईला शेवटी सांगितलंच. ती विळ्याला धार लावत होती. म्हणाली, "एक ओळ लिहायची तर लिहून दे. नोकरी गावात, घरचं जेवण, अजून काय पायजे?"

"आय, सकुमावशीचं नाव लिहू?"

"तिचं नाव कशाला लिहितस? कुनाचंच नको लिहू. माहीत नाय म्हन."

"माहीत नाय म्हटलं तर माझंच येतं."

आई म्हणाली, "मेली नोकरी." आणि जोरजोरात धार लावायला लागली. म्हणजे माझ्या बाजूनं का माझ्या विरुद्ध, काही कळलं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन.

कळलं. कळलं, कळलं, कळलं!

आईनं पाट मांडला. लक्ष्मीचा फोटो, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, बाबांचं बँकेचं पासबुक उघडून ठेवलेलं, माझा लॅपटॉप. मी फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत कसाऱ्याहून रेश्माचा फोन. रेश्मा माझी आतेबहीण, बँकेत कामाला.

"दामिनी, आधी तो फोटो काढ! मामाच्या पासबुकाचा नंबर वाचता येतोय. मोठा करून बघ."

मी मोठा केला. नंबर, नाव, शाखा, सगळं. अक्षर न् अक्षर. मी म्हटलं, "अगो, पूजेतलं पासबुक आहे ते..."

फोन तसाच धरून संस्थेचं पेज उघडलं. एक ऑक्टोबर. सुनिलशेठ, झेंडू, मी ताट घेऊन दात काढतेय, आणि मधोमध पाटावर तो कागद. मोठा केला. आमची अख्खी चावी. एक अक्षर पुसट नाही. शेकडो लोकांनी पुढं पाठवलाय.

अरे देवा! फाइलीत ठेवू दिली नाही, सर्व्हरवर ठेवू दिली नाही, आणि आम्ही ती पाटावर ठेवून ओवाळली! आणि मी कुठं होते? तिच्यापासून हातभर अंतरावर. ओढणीनं बोर्ड झाकत. चावी दिसली नाही मला, देवाची पूजा दिसली. पाटावर ठेवलेल्या गोष्टीकडं बघायची आपल्याला सवयच नसते, आपण हात जोडतो.

मी खदखदून हसले आणि मग रडले. आई घाबरली. म्हणाली, "आज सणाचं काय लागलं हिला?" बाबा पासबुक उचलून गपचूप खिशात घालत होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाविक सरांना फोटो दाखवला. क्षणभर त्यांचा चेहरा पडला, ते मी बघितलं. मग माझ्यासमोर त्यांनी पेजवरनं फोटो काढून टाकला आणि म्हणाले, "कुठला फोटो?"

मला हसूच आलं. "सर, अर्ध्या तालुक्याच्या ग्रुपवर आहे तो. कुठं कुठं पुसाल?"

"काकांनी देवापुढं ठेवलेली वस्तू. त्यांच्यामुळं चोरी झाली असं लिहून त्यांची सही मागणार तू? ते अध्यक्ष आहेत. सोमवारी सकुबाईविरुद्धचं पत्र दे. नाहीतर काढून टाकल्याचं पत्र मी टाइप करून ठेवलंय."

"फाइल कुठं ठेवलीत? ती तरी नीट ठेवा," म्हटलं आणि निघाले.

मावशी बाहेर व्हरांड्यात बसून होती. लॅबची किल्ली हल्ली ती जवळ ठेवत नाही, ऑफिसच्या खिळ्याला सगळ्यांसमोर अडकवते. सोबत चंदा, कॉलेजच्या कँटीनमधली. हल्ली या दोघी सारख्या बरोबर. झाडायलासुद्धा चंदा बरोबर लागते. मी म्हटलं, "मावशी, लईच गट्टी जमलीय!" तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. दिवाळीची दमली असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेठच्या खळ्यावर गेले. भाताची झोडणी चालू होती, सगळीकडं भुसा. शेठ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला बघून खूश. "ये गो पोरी! चहा आना रे हिला."

मी फोन पुढं केला. फोटो बघून तर आणखी खूश. "काय झकास आलाय! तू पन छान आलीस."

"शेठ, कागद मोठा करून बघा."

बोटांनी मोठा केला. चष्मा वर केला. "आपलं लायसन. वा, वाचता येतंय की सगलं."

"तुमाला वाचता येतं तसं सगळ्यांना येतं. बाहेरच्या लोकांनी वाचली आनि वापरली. म्हनून मुरबाडला संपली."

त्यांनी फोन मला परत दिला आणि म्हणाले, "देवापुढं ठेवलेली वस्तू गो. तिला कोन हात लावील?"

"हात नाय लावला कुनी. ही चावी नुसती वाचली तरी चोरीला जाते."

तेवढ्यात भाविक सर आले. कुणी कळवलं असेल देव जाणे. "काका, ही तुमच्यावर आळ घ्यायला आलीय."

शेठचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजे चोर मी?"

"चोर कुनीच नाय हो!" माझा आवाज चढला, झोडणी थांबली, सगळे बघायला लागले. बघू देत. "तुमी कागद ठेवलात, सरांनी फोटो टाकला, आनि मी ताट धरून तिथंच उभी होते, मला दिसलं नाय. तिघांचीही चूक. मी आधी माझं नाव लिहिते, हवं तर मोठ्या अक्षरात. पन सकुमावशी त्या दिवशी लॅबमध्ये पाय ठेवायला नव्हती, तिला तर प्रसादसुद्धा व्हरांड्यात दिला तुमी. तिचं नाव मी लिहिनार नाय. मेले तरी नाय."

"तू नोकरीला हायस का मालकीन?"

"नोकरीला. काढा मला, आत्ता काढा. पन मी गेले तरी खोट्यावर कंपनी नवी चावी देत नाय. मुरबाडचं केंद्र जाईल, आनि त्या पोरींना काय सांगायचं ते तुमी सांगा."

शेठ उठले. झोडणाऱ्यांकडं गेले आणि हातात भाऱ्याची पेंढी घेऊन स्वतः झोडायला लागले. जोरात. त्यांच्या धोतरावर भुसाच भुसा. मी चहा न पिता निघाले.

आटगावला घरापर्यंत स्कूटीवर रडत आले. हे मी कुणाला सांगणार नाही. पण घाबरून नाही रडले. रागानं रडले. घरात शिरताना तोंड धुतलं. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "नोकरी गेली असं धर." आई म्हणाली, "धरलं. भाकरी खा."

२९ ऑक्टोबर, बुधवार

मला काढल्याचं पत्र काही आलं नाही. सुनिलशेठांचं आलं. टाइप केलेलं नाही, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, भाविक सरांच्या हातून नाही, शेठच्याच ड्रायव्हरकरवी. "खंडेनवमीच्या पूजेत लायसनचा कागद मी ठेवला. त्याचा फोटो आमच्या संस्थेकडून सार्वजनिक झाला. यात कोणाही कर्मचाऱ्याची चूक नाही." खाली सही, शिक्का.

कोणाही कर्मचाऱ्याची! म्हणजे मलासुद्धा त्यातनं काढलं. मी तर माझं नाव लिहायला तयार होते. दोनदा वाचलं आणि कंपनीला पाठवून दिलं. शेठना फोन लावला, उचलला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवी चावी आली. जुनी बंद होतेय. म्हणजे मुरबाडबरोबर शहापूरच्या सगळ्या मशीनलाही नवी लावायची.

मुरबाडचं आज केलं. शेठ स्वतः आले होते, सोबत भाविक सर. शेठ माझ्याशी सरळ बोलत नाहीत अजून, भिंतीकडं बघून बोलतात. सर म्हणाले, "चावीची एक कॉपी माझ्याकडं हवी. मी प्रमुख आहे."

"नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे चावी संस्थेच्या तिजोरीत बंद पाकिटात राहील. उघडायची तर शेठच्या आनि माझ्या, दोघांच्या सहीनं. मशीनवर, फाइलीत, फोनवर कुठंच नाय. आनि मी लावताना लॅबमध्ये कुनी थांबायचं नाय. तुमीसुद्धा."

सर काकांकडं बघायला लागले. शेठ भिंतीला म्हणाले, "मला तरी एकदा दाखव. लॅमिनेट नाय करत."

"तुमालापन नाय शेठ."

वाटलं, आता गेलीच नोकरी. शेठ चपला घालायला लागले आणि पुतण्याला म्हणाले, "चल रे बाहेर. ऐकनारी नाय ती." दोघंही बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. मी दार लावलं. सगळी मशीन एका दमात झाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुरबाडला काल तपासणी झाली. केंद्र मिळालं. भाविक सरांनी आज सांगितलं की माझं कंत्राट मार्चनंतर वाढवायचं की नाही, "विचार चालू आहे". करा विचार.

आज शहापूरची लॅब. सर आपणहून बाहेर गेले. लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "मावशी, आत ये."

सकुमावशी उंबऱ्याच्या बाहेर चंदाला धरून उभी. "नको. तुझं काम होऊ दे, मग झाडते."

"अगो ये ना. बस इथं."

"नाय येत मी. परत तुमचं काय गेलं तर?"

मी तिच्याकडं वळले. ती शांतपणे म्हणाली, "सरांनी मला दिवाळीच्या आधीच बोलावलं होतं. म्हनाले, कबूल कर, तुझी म्याडम तुझ्याविरुद्ध लिहून देनार हाय. मी म्हटलं, लिहू दे. म्हनून चंदाला सोबत ठेवते. एकटी आत गेले तर कोन बोलेल माझ्या बाजूनं?"

म्हणजे तीन आठवडे! तीन आठवडे हिला वाटत होतं की मी लिहून देणार. आणि रोज माझ्यासमोर झाडत होती, "मॅडम" म्हणत होती, आणि मी मूर्खासारखी तिची कंबर विचारत होते. इतका राग मला खळ्यावरसुद्धा आला नव्हता. सरांचा, आणि माझाही.

"मी नाय लिहिलं मावशी."

"ते आता कललं. शेठच्या ड्रायव्हरनं सांगितलं, खळ्यावर काय बोललीस ते." मग जरा हसली. "मेले तरी नाय म्हनालीस म्हने. एवढं कशाला बोलावं?"

मी उठले, तिचा हात धरला आणि तिला आत आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. भाविक सर काचेतून बघत होते. त्यांनी दार अर्धं उघडलं. "दामिनी, तूच म्हणाली होतीस ना, लावताना कुणी थांबायचं नाही?"

"साक्षीला एक मानूस लागतो, सर. हा नवा नियम. तुमी बाहेर थांबा."

दार बंद झालं. मावशी खुर्चीच्या कडेला बसली, पदर सावरून, तोंड भिंतीकडं फिरवून. म्हणाली, "मला वाचता येतं हां. सातवी झालीय माझी. दिसेल मला तुझी चावी."

"दिसू दे. इकडं बघ."

ती वळली आणि स्क्रीनकडं बघायला लागली. मी चावी लावायला सुरुवात केली.